सहा सळ्या

व्होलोसच्या धक्क्यावर आर्गिरोची शेगडी
आज जरा लवकर पेटली आहे.
अठ्ठावीस फेब्रुवारी दोन हजार दोन, गुरुवार.
फळ्यावर खडूनं दोन किमती:
जुनी, चारशे, ठसठशीत.
नवी, मध्ये स्वल्पविराम असलेली,
वाक्य अजून संपलेलं नाही अशी.

गिऱ्हाईकं नवं नाणं उलटंपालटं करतात,
कल्ले वर करून मासळी ताजी आहे का बघावं तशी.
बारा वाजता द्राख्मा व्यवहारातून जाणार.
रेडिओवर कोणीतरी त्याला मूठमाती देत भाषण करतंय.
आर्गिरो आवाज कमी करते, मांस उलटते.

स्टुलावर थ्रासिवुलोस, निवृत्त मास्तर.
चाळीस वर्षं जुनं ग्रीक शिकवलं,
बहुतेक ज्यांना नको होतं त्यांनाच.
आता ते आर्गिरोच्या वाट्याला आलंय.
तो म्हणतो, नाणी नव्हती तेव्हा, बाई,
या तुझ्या सळ्या हेच चलन होतं.
लोखंडाची एक सळई, एक ओबोल.
सहा मिळून एका मुठीत मावायच्या
आणि त्या मुठीला म्हणायचे द्राख्मा.
राजाचं नाव नव्हे ते, देवीचं नव्हे,
चांदीचंही नव्हे.
शब्दाचा धातू एवढाच: मुठीत घट्ट धरणे.

आर्गिरो हात पुसते.
(तिच्या नावाचा अर्थ चांदी. बाप म्हणायचा,
घरात दुसरी येण्याची शक्यता नव्हती, म्हणून.)
ती सहा सळ्या उचलते.
उजव्या हाताची दोन बोटं
अडुसष्ट साली तंबाखूच्या कारखान्यात राहिली.
सहावी लगेच पडते.
पाचवी थोडा वेळ विचार करते, मग घसरते.
चार.

‘माझा द्राख्मा चारच ओबोलांचा,’ ती म्हणते.
‘तरीच. तरीच महिनाअखेर कधी गाठता आली नाही.’
मास्तर हसतो, मग हसायचा थांबतो.
‘आणि मास्तर, ती पहिली मूठ कोणाची?
माप ठरवलं त्या दिवशी
कोणाचा हात पुढे केला होता?’

हे कुठल्याच कोशात नाही.

शब्द मात्र त्या हातातून केव्हाच सुटला होता.
घोड्यांच्या, भाडोत्री शिपायांच्या मागून पूर्वेकडे निघाला,
वाटेत अक्षरं झिजवत, दुसऱ्यांच्या तोंडात गुळगुळीत होत.
आमच्या ताम्रपटांत द्रम्म होऊन बसला,
आणि आम्ही कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालू लागेपर्यंत
उरला नुसता दाम.
लोखंड गेलं. बोटं गेली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्ही म्हणतो,
आणि ती मूठ दामाच्याच पोटात होती
याचा आम्हाला पत्ता नाही.

पावणेबाराला गोदीतला एक पोरगा येतो.
‘जुने चालतील का?’
उत्तराची वाट न बघता खिसा रिकामा करतो.
नाणी तिच्या हातात मावत नाहीत,
दगडांच्या फटींतून खणखणत जातात.
मास्तर गुडघ्यांवर.
‘सोडा हो. मध्यरात्रीनंतर त्यांना विचारतंय कोण?’
तो सोडत नाही.

ती मिठाच्या डब्यात हात घालते.
पोरग्याला विचारते, ‘एक द्राका टाकू?’
तिच्या आजोळचा शब्द:
चिमटीपेक्षा जास्त, ओंजळीपेक्षा कमी,
जेवढं मुठीत येईल तेवढं.
तीन बोटांतून मीठ मांसावर पडतं, निखारे तडतडतात.

स्टुलाखाली मास्तर ते ऐकतो.
एरवी त्यानं लगेच धडा सुरू केला असता.
पण त्याच्या नखाला शंभराचं एक नाणं लागलंय,
फटीत उभं अडकलेलं,
आणि ते काही केल्या निघत नाहीये.